बुडीत खातं

तळ्यावरचा बर्फ अजून दोन वीत जाड आहे.
त्यावर आम्ही तिवई रोवली, साखळी सोडली
आणि रेयोनं विंचचा दांडा फिरवायला घेतला.
पहिला वर यायला अर्धा तास लागला.
काळा, चिखलानं माखलेला, थंडीत वाफा टाकणारा.
वासरू जन्मताना पाहिलंय कधी?
तसाच. आधी टोक, मग नुसतीच लांबी.

बुंध्याच्या कापावर हातोडीनं ठोकलेला शिक्का :
एक तारा, खाली दोन रेघा.
कंपनी केव्हाच मिटली. तारा तेवढा उरला.

माझा बाप, एमेली, ओंडके हाकायचा,
गुरं हाकावीत तसे.
मे महिन्यात बर्फ फुटला की नदीभर लाकूड,
पाणी दिसायचं नाही.
हातात लांब आकडी, पायात खिळ्यांचे बूट,
आणि गिरक्या घेणाऱ्या सोटावर तो उभा,
घरात चुलीपाशी उभा असावा तसा.
पोहता येत नव्हतं त्याला.
हे आईला लग्नानंतर सात वर्षांनी कळलं.

काही बुडायचेच.
बुंधा जड, पोटात पाणी, वाट लांब.
कारकून पेन्सिल जिभेला लावून
वहीत लिहायचा : बुडीत.
बाप म्हणायचा, दमला असेल.

जे तरले त्यांचं काय झालं ते ठाऊक आहे मला.
वर्तमानपत्रं झाली त्यांची,
सकाळी वाचून रात्री चुलीत घालायला.
तारांचे खांब झाले, खाणीतले टेकू झाले,
आगकाड्या होऊन परमुलखात गेले,
आणि लढाईच्या हिवाळ्यात काही
खंदकावर आडवे पडले.
आउलिसकाका त्यांच्याखाली चार महिने झोपला.
लढाईबद्दल कधी बोलला नाही;
एवढंच सांगायचा, की छतातून राळ टपकायची,
नेमकी कानात.

आमच्या सौनाची भिंत बापानं तासली.
करवतीनं नाही, कुऱ्हाडीनं.
करवत लाकडाच्या शिरा उघड्या टाकून जाते,
कुऱ्हाड घाव घालते नि तोच घाव दाबून मिटवते,
असं त्याचं म्हणणं.
खालच्याच्या पाठीवर वरच्याचं कोरलेलं पोट,
मध्ये शेवाळ, कोपऱ्यात जिभेत जीभ.
खिळा एकही नाही.
त्या खोलीत मी जन्मले.
तिथल्याच बाकावर आजीला शेवटची आंघोळ घातली.
भिंत दोन्ही वेळा सारखीच कोमट होती म्हणे.

आता हॅम्बुर्गहून गिऱ्हाईक येतं.
नाक लावून वास घेतं.
इतक्या सावकाश वाढलेला पाइन, म्हणतं,
आता मागूनही मिळत नाही.
बोटभर रुंदीत त्यानं वीस वर्षं मोजली.
एका कड्याशी त्याचं नख अडलं :
हा दुष्काळ? की वणवा?
म्हटलं, मला काय विचारता,
मी तेव्हा नव्हते.

सातवा येईना.
साखळी ताणली, तिवई कण्हली,
रेयोनं शिवी दिली आणि भोकातून कॅमेरा सोडला.
पडद्यावर हिरवट अंधार.
मग पाठ दिसली, तिच्यावर शिंपल्यांची खरूज,
कुशीला शेवाळाच्या झिपऱ्या,
आणि पोटाखालच्या पोकळीत
हनुवटीवर एकच मिशी असलेला बर्बॉट,
बर्फाखाली, भर फेब्रुवारीत
अंडी घालायचं सुचणारा तो तिरपागडा मासा.
हलला नाही. उजेडाकडे बघत राहिला,
दारात उभ्या पाव्हण्याकडे बघावं तसा.

पैसे आहेत त्यात, रेयो म्हणाला.
आहेत.
मी हातमोजा काढला, वही उघडली,
पेन्सिल जिभेला लावली. जीभ गारठली.
सातवा : बुडीत.

साखळी रिकामी वर आली,
कड्याकड्याला पाणी गोठत.
मग आठव्यासाठी भोक पाडायला
वीस पावलं उत्तरेला सरकलो.